हिरव्या रानाची तपासणी

ऑक्टोबरात जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यात दोन मोजण्या एकाच वेळी चालतात, एक सरकारी आणि एक शेतकऱ्याची.

सरकारी मोजणी केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेप्रमाणे होते. आधी पाऊस बघतात: सरासरीच्या किती टक्के पडला, मध्ये सलग तीन-चार आठवडे खंड होता का. तिथे तालुका अडकला की पेरणीचं क्षेत्र, उपग्रहातून दिसणारी हिरवाई, जमिनीतली ओल, धरणातलं आणि जमिनीखालचं पाणी तपासतात. मग दहा टक्के गावं निवडून बांधावर जायचं.

अडावदच्या बाजूला अशा पाहणीत तलाठी भाऊसाहेब आणि कृषी सहायकांबरोबर मी फिरलो. एकाच बांधाच्या दोन बाजूंना कपाशी होती. कोरडवाहू कपाशीला खालच्या फांद्यांवर मोजकी बोंडं, वर पातेगळ होऊन नुसते देठ. पलीकडची ठिबकवरची कपाशी कमरेच्या वर गेलेली. मोबाइलवर दोन्हींचे फोटो गेले, जागेच्या अक्षांश-रेखांशासकट.

याच दिवसांतल्या ज्वारीच्या पीक कापणी प्रयोगात मला सर्वांत आवडली ती जागा ठरवण्याची रीत. शेताच्या नैऋत्य कोपऱ्यातून सुरुवात करायची, यादृच्छिक आकड्यांइतकी पावलं लांबीत आणि रुंदीत टाकायची, आणि पाय थांबेल तिथे खुंटी ठोकायची. तिथून दहा बाय पाच मीटरची दोरी, आतल्या कणसांची कापणी, मळणी, वजन. शेतकऱ्याला वाटतं सगळ्यात वाळलेला तुकडा घ्यावा. घाईतल्या माणसाचा हात रस्त्याकडेच्या पिकाकडे जातो. खुंटी दोघांचंही ऐकत नाही. अशा वजनांवरून पैसेवारी निघते, आणि पन्नास पैशांच्या आत आली तर गाव टंचाईत धरलं जातं.

इतकी काळजीपूर्वक रीत असूनही चोपड्याची खरी नाजूक जागा तिच्यातून निसटते, असं माझं मत आहे. तालुका एक, पण रान तीन प्रकारचं. उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी पावरा आणि भिल्ल पाड्यांची उतारावरची हलकी जमीन. पंधरा दिवस पाऊस लांबला की तिथला मका माना टाकतो. मधल्या पट्ट्यात काळी जमीन, ट्यूबवेल, केळी. दक्षिणेला तापी, पण खोल पात्रात, कडेला घळी. नदी डोळ्यांसमोर असून पाणी उपसल्याशिवाय मिळत नाही. उपग्रह वरून बघतो तेव्हा मधल्या पट्ट्यातली केळी हिरवी. त्या हिरव्यात पाड्यावरचा वाळलेला मका सरासरीत बुडून जातो.

३१ ऑक्टोबर २०१८ ला राज्याने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात चोपडा होता. २०२३ च्या चाळीस तालुक्यांत जळगाव जिल्ह्यातला एकटा चाळीसगाव आला. त्या वर्षी नोव्हेंबरात महसूल मंडळाचा पाऊस धरून दुष्काळसदृश मंडळं जाहीर झाली, आणि मला ते योग्य दिशेने टाकलेलं पाऊल वाटतं. अडावदला पडलेला पाऊस त्याच तालुक्यातल्या लासूरच्या शेतकऱ्याला काय कामाचा?

शेतकऱ्याची मोजणी मात्र वेगळी असते. हा भाग कांदेबागेचा, म्हणजे केळीची लागवड पावसाळा सरताना. आता लावलेल्या झाडाला पारा चव्वेचाळीसच्या वर जाईल त्या मे महिन्यातून पार काढायचं असतं. कृषी सहायक एका बागेपाशी तिच्या मालकाला म्हणाले, "नाना, केळी तर झकास दिसतेय."

"केळी देखू नका, भाऊ. ट्यूबवेल देखा," नानांनी सांगितलं.

वीज होती. त्यांनी मोटर सुरू केली आणि घड्याळ बघत उभे राहिले. धार भरीव होती, मग तुटक झाली, मग हवा मारू लागली. मोटर बंद करून नानांनी पाणी किती वेळ टिकलं ते सांगितलं आणि गेल्या वर्षी याच दिवसांत किती टिकलं होतं तेही. पाईप वाढवून मोटर खाली सोडून झाली होती. यंदा निम्मीच रोपं लावायची, उरलेल्या रानात हरभरा, असं तिथेच ठरलं. मे महिन्याचा अंदाज ऑक्टोबरात बांधणारी इतकी नेमकी मोजणी मी त्या पाहणीत दुसरी पाहिली नाही.

पाड्यावर ही मोजणी करायलाही विहीर नसते. मका गेला की घर मजुरीसाठी बाहेर पडतं. नानांचं नुकसान निम्म्या बागेचं. इथे सगळं वर्ष जातं.

भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा घेते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी पिकाबरोबर पाण्याचं साधनही नोंदवतो. ऑक्टोबरच्या तपासणीत या दोन नोंदी गावागावाने शेजारी ठेवल्या, तर कोणत्या पाड्यावर एकही विहीर नाही आणि कोणत्या हिरव्या बागेखालचं पाणी उतरतंय, हे मे महिन्याच्या सात महिने आधी तहसीलमध्ये दिसेल. टँकर आणि रोहयोची कामं कुठे लागतील हे ठरवायला तेवढा अवधी पुरतो.