चौलला उतरलेला त्वेरचा व्यापारी

अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी 1469 च्या सुमारास कोकणातल्या चौल बंदरात उतरला. काही अभ्यासक 1471 हे साल मानतात. आपल्याकडे त्याचे नाव निघते ते बहुधा ‘वास्को द गामाच्या आधी आलेला युरोपीय’ म्हणून. हे मोजमाप अपुरे आहे. इटलीचा निकोलो दे काँटी त्याच्याही आधी हिंदुस्थानात फिरून गेला होता, आणि अरब प्रवासी अल्‌-मसूदीने दहाव्या शतकातच चौलची ‘सैमूर’ म्हणून नोंद केली होती. शतकानुशतके परदेशी गलबते ज्या बंदरात येत होती, त्याचा नव्याने शोध लागण्याचा प्रश्नच नव्हता. निकितिनचे मोल वेगळ्याच गोष्टीत आहे. त्याच्यामागे ना राजा होता, ना आरमार, आणि त्या निराधारपणामुळेच त्याला इथला समाज जवळून पाहावा लागला.

तो मॉस्कोजवळच्या त्वेरचा. व्होल्गा नदीतून माल घेऊन निघाला असता आस्त्राखानजवळ तातारांनी त्याला लुटले. गावी सावकार वाट पाहत होते, म्हणून तो मागे न फिरता इराणमार्गे होर्मुझला पोहोचला आणि तिथून घोडा घेऊन जहाजात चढला. दख्खनच्या सुलतानांना परदेशी घोड्यांची सतत गरज असे, हा त्याचा हिशेब. शंभर रूबल खर्चून आणलेला तो घोडा हीच त्याची सारी पुंजी होती. चौलहून आठ दिवसांनी पाली, पुढे दहा दिवसांनी उमरी, आणखी काही दिवसांनी जुन्नर, अशी मजल त्याने नोंदवली आहे. जुन्नरचा अंमलदार असदखान याने घोडा काढून घेतला आणि मुसलमान हो, नाहीतर हजार मोहरा भर, असे बजावले. मुदत चार दिवसांची. तेवढ्यात मोहम्मद नावाच्या खुरासानी गृहस्थाने रदबदली केली आणि घोडा परत मिळाला. परक्या मुलखात धर्म आणि माल दोन्ही एका अनोळखी माणसाच्या शब्दावर वाचतात, हे ज्याने भोगले, त्याची नजर जेत्याची राहत नाही.

म्हणूनच त्याच्या वृत्तांतात चौलची माणसे दिसतात: उघड्या अंगाने वावरणारी, केसांची एकच वेणी घालणारी, आणि या गोऱ्या माणसाला पाहायला त्याच्यामागे गर्दी करणारी. चार महिने न थांबणारा पाऊस आणि चिखल त्याने लिहून ठेवला, त्या दिवसांत होणारी पेरणीही. बहमनींच्या बीदरमध्ये चांदीच्या पालख्यांतून मिरवणारे सरदार त्याने पाहिले, आणि रयत मात्र फार गरीब आहे, हेही नोंदवले. मिरी आणि रंग इथे स्वस्त असले तरी जकात जबर आणि समुद्रात चाचे फार, तेव्हा रशियाला नेण्याजोगा माल इथे नाही, हा त्याचा निष्कर्ष त्याच्या स्वतःच्या नुकसानीचा होता; त्यात फुशारकीला जागाच नव्हती.

यावर आक्षेप येतो की छपरावर बसून मृत्यूची वर्दी देणारा पक्षी, सैन्य बाळगणारा वानरांचा राजा, सुलतानाच्या फौजेचे अवाढव्य आकडे, असल्या गोष्टी लिहिणाऱ्यावर विश्वास किती ठेवायचा? या कथा ऐकीव आहेत आणि त्या इतिहास म्हणून घेऊ नयेत, हे मान्यच. पण मजला, भाव, जकात, ऋतू या त्याच्या पोटापाण्याच्या गोष्टी होत्या, आणि तिथे त्याचे लिखाण कोरडे व नेमके होते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: सोळाव्या शतकातल्या दुआर्ते बार्बोझासारख्या पोर्तुगीजाने चौलच्या व्यापाराची माहिती जास्त दिली आहे. तीही घ्यावीच. फक्त हे ध्यानात असावे की बार्बोझा पोर्तुगीज सत्तेचा नोकर होता, आणि त्याच सत्तेने 1521 मध्ये चौललगतच्या रेवदंड्याला किल्ला बांधायला घेतला. तिच्या नोंदींत मुक्कामाची जागा हेरणारी नजर आहे. निकितिनला इथे काहीच बळकावायचे नव्हते.

परतताना तो दाभोळला जहाजात बसला, पण घरी पोहोचला नाही. स्मोलेन्स्कच्या अलीकडेच वारला. त्याची वही 1475 मध्ये मॉस्कोला पोहोचली आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी करामझिन या इतिहासकाराने ती उजेडात आणली. रेवदंड्याला शाळेच्या आवारात 2002 पासून त्याचे स्मारक उभे आहे. त्या परिसरातल्या शिक्षकांनी चौल ते जुन्नर हा भाग तरी वर्गात वाचून दाखवावा. पाचशे वर्षांपूर्वीची आपली माणसे त्यात मुलांना भेटतील.