वडिलोपार्जित प्रवेश

हार्वर्डमध्ये प्रत्येक अर्जाची फाइल होते. वाचणारा तिच्यावर आकडे टाकतो: अभ्यास, अवांतर उपक्रम, खेळ आणि ‘पर्सनल’, म्हणजे साधारणपणे स्वभाव. 1 सर्वांत चांगला, 6 सर्वांत वाईट. शिवाय अधिक-उणेची चिन्हं. शेवटी सुमारे 40 जणांची समिती बहुमतानं ठरवते. सीईटीचे पर्सेंटाइल आणि कॅप राउंडचे कटऑफ पाहत वाढलेल्या, आता न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी आईबापांना हे सहजी पचणारं नाही. स्वभावाला मार्क कसले?

हार्वर्डवरचा खटला पेटला त्यात या मार्कांचा मोठा वाटा होता. प्रवेशात वंश पाहण्याला विरोध करणाऱ्या एडवर्ड ब्लम यांच्या संघटनेनं 2014मध्ये विद्यापीठावर दावा लावला. अभ्यासात पुढे असणाऱ्या आशियाई वंशाच्या मुलांना ‘पर्सनल’मध्ये मात्र सरासरीनं कमी मिळतं, हे सुनावणीत समोर आलं. बॉस्टनच्या न्यायाधीशांना त्यात जाणूनबुजून केलेला भेदभाव दिसला नाही. सर्वोच्च न्यायालयानं मात्र 29 जून 2023 रोजी प्रवेशातला वंशाचा विचारच बाद केला.

हे आपल्या आरक्षणाच्या चष्म्यातून पाहिलं की घोटाळा होतो. प्रवेशातल्या राखीव जागा तिथे 1978मध्येच गेल्या. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या सरकारी मेडिकल कॉलेजनं अल्पसंख्याकांसाठी 100पैकी 16 जागा वेगळ्या काढल्या होत्या. प्रवेश नाकारलेला गोरा विद्यार्थी ॲलन बॅकी न्यायालयात गेला आणि कोटा संपला. वंश उरला तो दहा गोष्टींतली एक गोष्ट म्हणून. आता तीही नाही. निबंधात मुलानं आपला अनुभव सांगितला तर तो वाचायला हरकत नाही, एवढी फट न्यायालयानं ठेवली आहे.

पण खरा पिढीजात कोटा शाबूतच आहे. ब्लम यांच्या बाजूच्या अर्थतज्ज्ञानं खटल्यातल्याच आकडेवारीवरून सहकाऱ्यांसह हिशेब मांडला: प्रवेश मिळालेल्या गोऱ्या मुलांपैकी 43 टक्के एक तर निवडलेले खेळाडू, नाहीतर माजी विद्यार्थ्यांची किंवा प्राध्यापक-कर्मचाऱ्यांची मुलं, किंवा डीनच्या खास यादीतली. त्या यादीत देणगीदारांच्या घरची नावं असतात. खेळही नुसते धावण्याचे नव्हेत. स्क्वॉश, तलवारबाजी, नौकानयन. ते शिकवणारी शाळा आधी परवडावी लागते! आपल्याकडचा मॅनेजमेंट कोटा निदान स्वतःचं नाव तरी लपवत नाही.

अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी 2023मध्ये दाखवलं, की सॅट या प्रवेशपरीक्षेतले गुण सारखे असले तरी सर्वांत श्रीमंत 1 टक्का घरांतल्या मुलाला अशा नामांकित कॉलेजात जायची संधी मध्यमवर्गीय मुलाच्या दुपटीहून जास्त. प्रवेश देतानाच्या या झुकत्या मापाची कारणं तीन: घरातले माजी विद्यार्थी, खेळ आणि ते अभ्यासाबाहेरचे मार्क.

माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारं प्राधान्य, म्हणजे ‘लेगसी’, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठानं 2014मध्येच बंद केली. कॅलिफोर्नियानं 2024मध्ये कायदा करून राज्याचे पैसे घेणाऱ्या खासगी विद्यापीठांनाही मनाई केली. स्टॅनफर्डनं पुढच्याच वर्षी राज्याच्या शिष्यवृत्ती योजनेतून अंग काढून घेतलं आणि लेगसी चालू ठेवली. त्या योजनेतून गरजू मुलांना मिळणारे पैसे आपल्या तिजोरीतून देऊ, असं विद्यापीठानं तेव्हा सांगितलं.