विश्लेषण : फ्रान्समध्ये कालव्याकाठी मोटारमुक्त सायकलमार्ग; सेलू-पाथरीच्या कालव्यांवर हे जमेल का?

मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. या रस्त्यावर सायकलला प्रवेश नाही. वेग पाहता ते योग्यच आहे. मग सायकलने कुठून जायचे, हा प्रश्न मात्र तसाच राहतो. सेलूसारख्या तालुक्यात हा केवळ हौशी पर्यटकांचा प्रश्न नाही. उसाच्या ट्रॉल्या आणि वाळूचे टिप्पर यांच्या कडेने रोज शाळेत जाणाऱ्या मुलींचाही तो आहे. फ्रान्सच्या ग्रामीण भागात यावर जे उत्तर शोधले गेले, त्याला लागणारी निम्मी सामग्री परभणी जिल्ह्यात आधीच पडून आहे.

फ्रान्समधील ‘हिरवी वाट’ म्हणजे काय?

फ्रेंचमध्ये अशा मार्गाला ‘व्वा व्हेर्त’ म्हणतात. शब्दशः अर्थ हिरवी वाट. २००४ पासून तेथील वाहतूक नियमांत तिची स्वतंत्र व्याख्या आहे : इंजिन नसलेली वाहने, पादचारी आणि घोडेस्वार यांच्यासाठीच राखलेला रस्ता. अशा सुरुवातीच्या वाटांपैकी एक १९९७ मध्ये बर्गंडी प्रांतात जिव्री ते क्ल्युनी या गावांदरम्यान झाली. ४४ किलोमीटरचा एक रेल्वेमार्ग बंद पडला होता. त्याच्याच भरावावर ही वाट केली. भराव होता, पूल होते, जमीन सार्वजनिक मालकीची होती. नव्याने करायचे होते ते पृष्ठभागाचे काम.

दुसरा स्रोत कालव्यांचा. तुलूझ ते सेत हा २४० किलोमीटरचा ‘कनाल द्यु मिदी’ पियर-पॉल रिके यांच्या पुढाकाराने १६६६ ते १६८१ या काळात खोदला गेला. १९९६ पासून तो जागतिक वारसा यादीत आहे. पूर्वी कालव्यातल्या होड्या काठावरून घोडे ओढत. घोड्यांसाठी केलेली ती पायवाट आज सायकलस्वारांच्या कामी येते. अर्थात सगळे गुळगुळीत आहे असे समजू नये. तुलूझकडचा सुमारे ५० किलोमीटरचा भाग डांबरी आहे, पुढे बराच मार्ग खडी-मातीचा आणि झाडांच्या मुळांनी उखडलेला आहे. ‘ल्वार आ व्हेलो’ हा ल्वार नदीकाठचा सुमारे ९०० किलोमीटरचा प्रसिद्ध मार्गही पूर्ण मोटारमुक्त नाही. त्यात राखीव वाटा आणि तुरळक वाहतुकीचे गावरस्ते एकमेकांना जोडले आहेत. सेलूसाठी खरे तर हाच भाग जास्त महत्त्वाचा आहे.

कालवा आणि रेल्वेच का?

कारण दोघांनाही चढ चालत नाही. सिंचनाचे पाणी गुरुत्वाकर्षणाने पुढे सरकते, म्हणून कालवा जमिनीच्या समपातळी रेषेला धरून, किलोमीटरमागे काही सेंटिमीटर इतक्या बारीक उताराने नेतात. सायकलसाठी याचा अर्थ काय? सायकलसह ९५ किलो वजन धरले तर सपाटीवर ताशी १५ किलोमीटरसाठी साधारण ५५ ते ६० वॅट शक्ती लागते. १०० मीटरमागे दोन मीटर चढ आला की त्याच वेगासाठी जवळपास ८० वॅट आणखी. म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणारा चढही दमछाक दुपटीहून अधिक वाढवतो. आठवीतली मुलगी असो की साठीचा शेतकरी, कालव्याच्या काठाने गेल्यास हा हिशेब त्यांच्या बाजूने लागतो.

सेलू परिसरात काय उपलब्ध आहे?

निम्न दुधना प्रकल्पाचे धरण सेलू तालुक्यातच ब्रह्मवाकडीजवळ आहे आणि त्याला डावा व उजवा असे दोन कालवे आहेत. दक्षिणेला पाथरी-मानवत पट्ट्यात जायकवाडीचा डावा कालवा आहे. लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते १९६५ मध्ये पायाभरणी आणि इंदिरा गांधी यांच्या हस्ते १९७६ मध्ये लोकार्पण झालेल्या या प्रकल्पाचा डावा कालवा पैठणपासून २०८ किलोमीटर धावतो. मुख्य कालव्याच्या एका काठावर तपासणीसाठी सेवारस्ता असतो. त्यावरून पाटकरी, कालवा निरीक्षक आणि अभियंते ये-जा करतात.

पाहण्यासारखे म्हणाल तर चारठाण्याची प्राचीन मंदिरे, जिंतूरजवळची नेमगिरीची जैन लेणी, गोदावरीवरील ढालेगाव आणि मुद्गलचे बंधारे हे सारे सेलूहून सायकलच्या टप्प्यात येते. साईबाबांचे जन्मस्थान मानले जाणारे पाथरी आणि त्यांच्या गुरूंचे स्थान म्हणून भाविक ज्या सेलूला येतात, या दोन गावांतील अंतर सायकलने अर्ध्या दिवसाचेही नाही.

मग अडते कुठे?

पहिली अडचण मातीची. मराठवाड्याची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळल्यावर आक्रसते, भेगाळते. यामुळेच कालव्यांचे काँक्रीटचे अस्तर जागोजागी फुटते. तीच माती सेवारस्त्याखालीही असते. पावसाळ्यात तिचा चिखल चाकाला चिकटून मडगार्डमध्ये बसतो आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते. वरवर मुरूम टाकून हे सुटत नाही. काळ्या मातीचा वरचा थर काढावा लागतो किंवा त्यात चुना मिसळून तो स्थिर करावा लागतो, मग मुरूम-खडीची दबाई आणि दोन्ही बाजूंना निचरा. फ्रान्समध्ये अशा वाटेसाठी साधारण तीन मीटर रुंदी धरतात. तेवढीच धरली तरी कामाचे प्रमाण लक्षात यावे.

दुसरी अडचण सावलीची. काठावर झाडे लावा, हे म्हणणे सोपे आहे. पण भरावाच्या कालव्यावर मोठी झाडे अभियंत्यांना नकोच असतात. मुळे अस्तर फोडतात आणि गळती वाढवतात. झाडे लावायचीच तर भरावाच्या पायथ्याबाहेर. (कनाल द्यु मिदीची ओळख असलेली प्लेनची झाडेही बुरशीजन्य रोगामुळे २००६ पासून हजारोंच्या संख्येने तोडावी लागली आहेत. सावली तिथेही फुकटची राहिलेली नाही.)

तिसरी आणि सर्वांत गंभीर बाब पाण्याची. अस्तर केलेल्या कालव्याची बाजू तिरकी आणि शेवाळाने निसरडी असते. आवर्तन सुरू असताना आत पडलेल्या माणसाला, पोहता येत असले तरी, बाहेर चढता येत नाही. शाळकरी मुलांना कालव्याकाठी पाठवायचे तर कठडा, ठरावीक अंतरावर पायऱ्या आणि पाण्यात आडव्या साखळ्या हव्यातच. हा खर्च वगळून केलेला कोणताही प्रस्ताव कागदावरच बरा.

चौथी, शेतकऱ्यांची. सेवारस्ता कागदोपत्री सार्वजनिक रस्ता नाही, तो जलसंपदा विभागाच्या ताब्यातला आहे. प्रत्यक्षात अनेक शेतांना जायला तोच रस्ता असतो. खांब रोवून ट्रॅक्टर अडवले तर ऊस कुठून न्यायचा? फ्रान्समध्येही काठावरचे शेतकरी आणि देखभालीची वाहने यांना सवलत असते. बंदी असते ती बाहेरून घुसणाऱ्या वाहनांना. इथे हा समझोता गावाशी आणि २००५ च्या कायद्यानुसार स्थापन झालेल्या पाणीवापर संस्थांशीच करावा लागेल.

जुने रेल्वेमार्ग वापरता येतील?

सेलूत नाही. मनमाड-सिकंदराबाद मार्ग मीटरगेजचा ब्रॉडगेज झाला तो बहुतांश त्याच जागेवर, त्यामुळे मोकळा भराव उरला नाही. उरला आहे तो बार्शी लाइट रेल्वेच्या नॅरोगेजचा काही भाग. लातूरची नवी ब्रॉडगेज धाराशिवमार्गे वळवल्याने जुनी वाट बाजूला पडली. मेळघाटातून जाणारा अकोला-खंडवा मीटरगेजही २०१७ मध्ये थांबला, पण तो व्याघ्र प्रकल्पातला आहे. तिथे सायकलपर्यटन नको हेच बरे.

देशात असा प्रयत्न झाला आहे का?

मुंबईत तानसा जलवाहिनीच्या दोन्ही बाजूंची अतिक्रमणे उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर हटवल्यावर मोकळ्या जागेत ३९ किलोमीटरचा सायकलमार्ग महापालिकेने आखला. पाण्याच्या मालमत्तेचे संरक्षण हा त्यामागचा मूळ हेतू. हैदराबादमध्ये बाह्यवळण रस्त्यालगत सौरछताचा २३ किलोमीटरचा मार्ग १ ऑक्टोबर २०२३ रोजी खुला झाला. दोन्ही शहरी उदाहरणे आहेत. ग्रामीण सायकलस्वारासाठी वेगळी पट्टी असा विचार आपल्याकडे फारसा होत नाही, पण वारकऱ्यांसाठी तो झाला आहे. ज्ञानेश्वर आणि तुकाराम महाराज पालखी मार्गांच्या आखणीत चालणाऱ्यांसाठी स्वतंत्र पदपथ धरलेला आहे. दुसरीकडे, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार देशातील निम्म्या घरांत सायकल आहे आणि मानव विकास कार्यक्रमातून शासन गरजू मुलींना सायकली देते. सायकल मिळते, ती कोणत्या रस्त्यावर चालवायची हे त्या योजनेत येत नाही.

निर्णय कोणाचा?

कालवे गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळाकडे, गावरस्ते जिल्हा परिषदेकडे, पाणंद आणि शिवरस्त्यांचा विषय महसूल विभाग व ग्रामपंचायतीकडे. फ्रान्समध्ये जलमार्ग यंत्रणा मालकी स्वतःकडे ठेवते आणि स्थानिक स्वराज्य संस्थेशी करार करून वाटेची देखभाल तिच्याकडे सोपवते. तशा करारात अपघाताची जबाबदारी कोणाची, हे कलम आधी लिहावे लागेल. बहुतेक अधिकाऱ्यांचा पहिला प्रश्न तोच असेल.

सध्या सायकल काढायची असेल तर?

ल्वारचा धडा वापरावा. म्हणजे राज्यमार्ग टाळून ‘इतर जिल्हा मार्ग’ आणि ‘ग्रामीण मार्ग’ जोडत जावे. या रस्त्यांवर मोटारी कमी असतात. कालव्याच्या सेवारस्त्यावर जायचे तर आधी स्थानिक शाखा कार्यालयात विचारावे आणि आवर्तन सुरू असताना मुलांना नेऊ नये. हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. ऊसतोड मात्र याच काळात असते, त्यामुळे अंधारात रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉल्यांपासून सावध राहावे लागते. सूर्यास्तापूर्वी मुक्काम गाठणे उत्तम.

मुंबईहून येणाऱ्यांसाठी तपोवन आणि देवगिरी एक्स्प्रेस सेलूला थांबतात. सायकल ब्रेक व्हॅनमधून सामान म्हणून नेता येते, मात्र गाडी इथे थोडाच वेळ थांबते. त्यामुळे सामान परभणी किंवा जालन्याला उतरवून तिथून सायकलने येणे सोयीचे. आणि पंक्चरचे साहित्य दुप्पट घ्यावे. काठावरची वेडी बाभूळ आणि रस्त्यावर पसरलेला सराटा कुठल्याही टायरला सोडत नाही.