राजपुत्र अहमदचा संगीतकार

स्वरलिपीचे पान म्हटले की पाच आडव्या रेघा आणि त्यांवर बसलेले काळे ठिपके डोळ्यांसमोर येतात. वोल्फगांग झेलरने ‘राजपुत्र अहमदची साहसे’ या मूकपटासाठी लिहिलेल्या स्वरलिपीत मात्र त्या ठिपक्यांच्या सोबतीला चित्रपटातली चिमुकली चित्रेही आहेत. वाद्यवृंद चालवणाऱ्याची एक नजर वहीवर, एक पडद्यावर. वहीतले चित्र पडद्यावर उमटले की त्याला कळावे, आपण बरोबर जागी आहोत. त्या काळी प्रोजेक्टरची गती चित्रपटगृहागणिक बदलायची, त्यामुळे अशा खुणांवाचून चित्र आणि सूर यांची गाठ टिकणे अवघड होते.

या खुणा पुढे किती मोलाच्या ठरल्या हे ‘मेट्रोपोलिस’ने दाखवले. १९२७च्या त्या चित्रपटाचा मोठा भाग कापला गेला आणि हरवला. २००८ साली ब्युनॉस आयर्समध्ये त्याची जवळजवळ पूर्ण प्रत सापडली. तोवर, आणि त्यानंतरही, कोणता तुकडा कुठे बसतो याचा सर्वांत भरवशाचा वाटाड्या होता गॉटफ्रीड हुपर्ट्झची स्वरलिपी, कारण तिच्यात दृश्यांच्या हजारावर नोंदी होत्या. चित्रफीत नष्ट झाली तरी चित्रपटाचा क्रम संगीताच्या वहीत शाबूत राहिला, हे मला आजही अद्भुत वाटते.

अहमदची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. ती चित्रपटाच्या तुकड्यांची नाही, माणसाची आहे.

लोटे रायनिगर ही विशीतली तरुणी काळ्या कागदातून कात्रीने माणसे कापायची. हात, कोपर, मान, कंबर असे अवयव वेगळे कापून तारेने जोडायचे, खालून उजेड दिलेल्या काचेवर आकृती मांडायची, किंचित सरकवायची, वरच्या कॅमेऱ्याने एक चित्र टिपायचे, पुन्हा किंचित सरकवायची. अहमदच्या सुमारे पासष्ट मिनिटांच्या चित्रपटाला तीन वर्षे लागली, १९२३ ते १९२६. पॉट्सडॅममधल्या लुई हागेन या बँकरने पैसा पुरवला आणि आपल्या गॅरेजच्या माळ्यावर जागाही करून दिली. झेलर तेव्हा बर्लिनच्या फोल्क्सब्यूने या नाट्यगृहात नाटकांना संगीत द्यायचा. चित्रपट तयार होऊन हाती आल्यावर त्याने चाली बसवल्या असे झाले नाही, चित्र आणि संगीत बरोबरीने वाढत गेले. म्हणूनच या चित्रपटात मिरवणूक निघते तेव्हा कागदी पावले तालावर पडतात. मे १९२६मध्ये पहिला खेळ झाला तो फोल्क्सब्यूनेमध्येच.

हे संगीत ऐकताना मी दर वेळी थक्क होतो. आकृतींना चेहरा नाही, डोळे नाहीत, नुसती काळी कड आहे. भीती, लाज, ओढ हे सगळे वाद्यांनी सांगायचे. झेलर ते इतक्या हळुवारपणे सांगतो की थोड्या वेळाने त्या कागदाच्या तुकड्यांना भुवया आहेत असा भास व्हायला लागतो.

सहा वर्षांनी दिग्दर्शक कार्ल ड्रायरच्या ‘व्हॅम्पायर’ला त्याने संगीत दिले. हा बोलपट असला तरी त्यात बोलणे फारच थोडे. धुके, नदीवरची होडी, खांद्यावर कोयता घेतलेला माणूस, सगळे झेलरच्या मंद, खाली दबलेल्या सुरांवर तरंगत राहते. न दिसणाऱ्या गोष्टीची धास्ती कशी निर्माण करायची, हे त्याला नेमके ठाऊक होते.

पुढच्याच वर्षी, जानेवारी १९३३मध्ये, हिटलर सत्तेवर आला आणि बर्लिनच्या चित्रपटसंगीताचे दोन तुकडे झाले. ‘ब्लू एंजल’ची गाणी रचणारा फ्रीडरिश हॉलेंडर देश सोडून गेला. त्याच चित्रपटाचे वाद्यसंयोजन करणाऱ्या फ्रान्झ वॅक्समनला १९३४ साली बर्लिनच्या रस्त्यावर नाझी गुंडांनी मारहाण केली, तोही गेला. हॉलिवूडमध्ये त्याने पुढे लागोपाठ दोन वर्षांच्या चित्रपटांसाठी ऑस्कर मिळवले, त्यांतला एक ‘सनसेट बुलेवार्ड’. बर्लिनमध्ये शिकलेला वाल्टर काउफमान हा ज्यू संगीतकार तर १९३४ साली थेट आपल्या मुंबईला आला. त्याने इथे चित्रपटांसाठी काम केले, पाश्चात्त्य संगीताची मंडळी जमवली. आकाशवाणीच्या सकाळच्या सुरावटीचे श्रेय त्यालाच दिले जाते. महाराष्ट्रातल्या कित्येक घरांत पिढ्यान्‌पिढ्या दिवस सुरू झाला तो एका निर्वासिताच्या सुरांनी.

झेलर बर्लिनमध्येच राहिला, आणि त्याला काम मिळत राहिले.

१९४० साली फाइट हारलानने ‘ज्यू झ्यूस’ काढला. अठराव्या शतकात व्युर्टेम्बर्गच्या ड्यूकचा खजिना सांभाळणाऱ्या आणि १७३८ साली स्टुटगार्टला फाशी गेलेल्या योझेफ झ्यूस ओपेनहायमरची ही कथा, गोबेल्सच्या हुकमाने ज्यूद्वेषाच्या साच्यात ओतलेली. संगीत वोल्फगांग झेलरचे. श्रेयनामावलीतच ज्यू प्रार्थनागायनाचे आलाप आणि एक जुने जर्मन प्रेमगीत एकमेकांत गुंफलेले ऐकू येतात. ते प्रेमगीत पंधराव्या शतकापासून चालत आलेले, आणि चित्रपटात ते निरागस नायिकेच्या तोंडी आहे. म्हणजे गोष्ट सुरू होण्याआधीच कानाला शिकवून ठेवलेले असते: हा सूर आपला, तो परका, आणि परका सूर आपल्या सुराला गिळायला आला आहे. पडद्यावर अजून कोणी काही बोललेलेही नसते.

संगीताचा हा गुण विलक्षण आहे आणि भयंकरही. संवादाशी माणूस मनात वाद घालू शकतो, सुराशी वाद घालायला जागाच मिळत नाही. हा चित्रपट सुमारे दोन कोटी लोकांनी पाहिला. एसएसचा प्रमुख हिमलर याने एसएस आणि पोलिसांना तो पाहण्याचा आदेश दिला. कागदाच्या राजपुत्राला ज्याने जीव दिला, त्याच कसबाने इथे जिवंत माणसांबद्दलची दया काढून घेतली. कसब कमी पडले असते तर बरे झाले असते, असे फार थोड्या कलाकृतींबद्दल म्हणावे लागते.

आणि आता हागेन. अहमदला पैसा देणारे ते बँकर ज्यू घराण्यातले होते. ज्या माणसाच्या पैशातून झेलरची ती सुंदर स्वरलिपी साकारली, तसल्याच माणसाला, ज्यू सावकाराला, राक्षस ठरवणाऱ्या चित्रपटाला चौदा वर्षांनी त्याने सूर दिले. त्या घरातला मुलगा, त्याचेही नाव लुई, १९३४ साली एका पोस्टकार्डावरच्या विनोदापायी लिश्टेनबुर्गच्या छळछावणीत डांबला गेला होता. सुटल्यावर तो इंग्लंडला पोहोचला, १९४४ साली ग्लायडर वैमानिक म्हणून आर्नेमच्या लढाईत उतरला आणि पन्नाशीच्या दशकात लंडनमध्ये त्याने लोटे रायनिगरच्याच छायाचित्रपटांची निर्मिती केली. लहानपणी वडिलांच्या गॅरेजवर पाहिलेली कात्री त्याने पुन्हा चालती केली.

युद्ध संपले. हारलानवर मानवतेविरुद्धच्या गुन्ह्याचा खटला चालला, तो निर्दोष सुटला. झेलरकडे पुन्हा काम आले, आणि ते काम कोणते, हे प्रथम वाचले तेव्हा माझा विश्वास बसेना. १९४७ साली डेफा या नव्या चित्रसंस्थेने ‘सावलीतला संसार’ काढला. अभिनेता योआखिम गॉटशाल्कने ज्यू पत्नीला सोडायला नकार दिला आणि नोव्हेंबर १९४१मध्ये त्या दोघांनी आपल्या लहानग्या मुलासह मृत्यू पत्करला, त्या सत्यघटनेवरचा हा चित्रपट. दिग्दर्शक कुर्ट मेट्झिगच्या ज्यू आईने गेस्टापोच्या हाती लागण्यापेक्षा १९४४ साली जीव दिला होता. त्याच्या या चित्रपटाला संगीत ‘ज्यू झ्यूस’च्या संगीतकाराचे. छायाचित्रण फ्रीडल बेन-ग्रुंडचे, ज्याने रुग्णांच्या हत्येची भलामण करणारा १९४१चा ‘मी आरोप करतो’ चित्रित केला होता. ‘सावलीतला संसार’ बर्लिनच्या चारही विभागांत एकाच वेळी प्रदर्शित झाला, आणि लाखो लोक रडले. नाटककार ब्रेख्तला तो भडक, रडका वाटला. मला वाटते त्याचा रोख बरोबर होता. ज्या सवयीच्या हाताने सात वर्षांपूर्वी प्रेक्षकाला द्वेषाकडे नेले, तोच हात आता त्याला अश्रूंकडे नेत होता आणि मधल्या काळाबद्दल विचारायला थांबत नव्हता.

१९५९चा ‘सेरेंगेटी मरता कामा नये’ हा बेर्नहार्ड ग्झिमेकचा ऑस्करविजेता माहितीपट. त्यातल्या आफ्रिकेच्या कळपांमागेही झेलरचेच सूर आहेत. १९६७ साली तो बर्लिनमध्ये वारला.

अहमदची मूळ चित्रफीत १९४५च्या लढाईत नष्ट झाली. लंडनला उरलेल्या प्रतीवरून नव्वदीच्या दशकाअखेर ती रंगांसह पुन्हा उभी केली गेली आणि झेलरची स्वरलिपीही पुन्हा वाजू लागली. आज जिवंत वाद्यवृंदासह तिचे खेळ होतात, मुले आईबापांसोबत येतात. ‘ज्यू झ्यूस’चे जर्मनीत तसे नाही. तो आजही राखीव यादीत आहे, आधी जाणकाराचे निवेदन आणि नंतर चर्चा असल्याशिवाय दाखवता येत नाही. त्या निवेदनात संगीताबद्दल चार वाक्ये असावीत, असे मला मनापासून वाटते. आणि अहमदच्या कार्यक्रमपत्रिकेवर झेलरच्या नावापुढे १९२६, १९४० आणि १९४७ ही तिन्ही साले छापावीत, एका ओळीत, सारख्याच टायपात.