लाल डोळ्यांचा वृक्षबेडूक

बेडूक म्हटला की आपल्याला डबके, चिखल आणि पावसाळ्यातील डराव डराव आठवते. परंतु विद्यार्थी मित्रांनो, जमिनीवर क्वचितच उतरणारा, झाडांच्या शेंड्यांवर राहणारा बेडूकही आहे. दक्षिण मेक्सिकोपासून कोलंबियापर्यंतच्या उष्ण, दमट अरण्यांत तो आढळतो.

नर सुमारे ५ सेंटिमीटर, मादी ७ सेंटिमीटरपर्यंत. पाठ पोपटी, कुशीवर निळे-पिवळे पट्टे, पावले नारिंगी आणि डोळे लालभडक. बाहुली मांजरासारखी उभी. बोटांच्या टोकांना गोल, चिकट गाद्या असतात. दिवसा हात-पाय अंगाशी घेऊन तो पानाखाली झोपतो, तेव्हा केवळ हिरवा रंग दिसतो. रंग पाहून तो विषारी वाटतो, पण तसा नाही. रात्री तो किडे, पतंग खातो.

खरे नवल त्याच्या अंड्यांत आहे. पावसाळ्यात मादी तळ्यावर झुकलेल्या पानावर सुमारे ४० अंडी चिकटवते. त्यासाठी लागणारे पाणी ती आधी तळ्यात बसून शरीरात भरून घेते, आणि तेही नराला पाठीवर घेऊन! नंतर अंड्यांची राखण कोणी करीत नाही. साधारण सहा-सात दिवसांत अंडी फुटून बेडूकमासे थेट खाली पाण्यात पडतात.

पण मध्येच साप आला तर? करेन वॉर्केंटिन या संशोधिकेने १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून दिसले, की सापाने अंड्यांचा लगदा तोंडात धरताच पाच दिवसांची पिल्लेही मुदतीआधी अंडे फोडून पाण्यात उड्या घेतात. आता, अंडी तर पावसाच्या थेंबांनीही हलतात. मग प्रत्येक सरीला ती का फुटत नाहीत? दोन्ही हादरे ध्वनिमुद्रित करून पुढे प्रयोग झाले. सापाच्या हादऱ्यांना कितीतरी जास्त अंडी फुटली. हादरा किती वेळ टिकतो आणि दोन हादऱ्यांत किती अंतर असते, यावरून अंड्यातील जीव फरक ओळखतो.

ही ओळख चुकणे महागात पडते. लवकर बाहेर पडलेले पिल्लू अशक्त असते. तळ्यातील कोळंबी व मासे त्याला सहज खातात. म्हणून धोका नसेल तर अंड्यातच थांबणे फायद्याचे. गांधीलमाशी एकेक अंडे उचलते. तिच्या हल्ल्यात तेच अंडे व फार तर शेजारची काही फुटतात, बाकीची पिल्ले आपली मुदत पुरी करतात.