झुलत्या पुलाच्या मुख्य दोरांची परीक्षा
झुलत्या पुलाचा भार ज्या मुख्य तारदोरांवर असतो ते बदलणे अतिशय दुष्कर असते. म्हणून त्यांत उरलेल्या बळाचा अंदाज हाच जुन्या पुलाच्या आयुष्याचा प्रश्न ठरतो. स्कॉटलंडमधील फोर्थ रोड पूल १९६४ साली खुला झाला. त्याच्या प्रत्येक दोरात सुमारे ५ मिलिमीटर जाडीच्या ११,६१८ तारा आहेत. २००४ साली दोराचे वेष्टन उकलून व तारांमध्ये पाचरी ठोकून आत पाहिले, तेव्हा गंज आणि तुटलेल्या तारा आढळल्या; बळ ८ ते १० टक्क्यांनी घटल्याचा अंदाज निघाला.

तुटक्या तारा मोजणे हा त्यातला सोपा भाग होय. तुटलेली तारही सर्वस्वी निरुपयोगी होत नाही. दोर आवळणाऱ्या पट्ट्यांमुळे शेजारच्या तारांशी घर्षण होऊन ती काही अंतरावर पुन्हा भार घेऊ लागते. खरी भीती अखंड दिसणाऱ्या, पण सूक्ष्म चीर पडलेल्या तारेची. ती बहुधा प्रयोगशाळेत ताणून तोडल्यावरच उघडकीस येते. शिवाय दोराचा थोडाच भाग उघडता येतो. तेव्हा या निष्कर्षाला मोजमापापेक्षा अनुमान म्हणणेच योग्य.

फोर्थच्या दोरांत पुढे कोरडी हवा सोडण्याची योजना झाली. तिने गंज आवरतो, गेलेले बळ परतत नाही. दोरांविषयीच्या या अनिश्चिततेमुळेच शेजारी नवा पूल बांधण्याचे ठरले. तो २०१७ साली खुला झाला.