‘जग’ कसं म्हणायचं, हे संगणकाला कोण सांगणार?

‘जग मोठं आहे’ आणि ‘तू सुखाने जग’. लिहिताना दोन्हीकडे ज तोच. म्हणताना मात्र पहिला ज टाळूवरचा आणि दुसरा ‘जरा थांब’मधला, दातांपाशी येणारा. बीडमधल्या कुठल्याही पोराला हा फरक शिकवावा लागत नाही. संगणकाला लागतो, कारण देवनागरीत या दोन ज-साठी वेगळी खूणच नाही.

ज्याला डोळ्यांनी दिसत नाही, तो संगणक ऐकून वापरतो. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला स्क्रीन रीडर म्हणतात. पूर्वी ते इतकं महाग असे, की पुष्कळ अंध माणसांना परवडतच नसे. 2006 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने ‘एनव्हीडीए’ हे स्क्रीन रीडर सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. जेम्स टेह हा दुसरा अंध प्रोग्रामर त्याच्या सोबतीला आला. ते आजही मोफत आहे, आणि त्याची घडण कुणालाही पाहता येते, सुधारता येते. एनव्हीडीएसोबत ‘ईस्पीक एनजी’ नावाचा आवाज येतो. तोही असाच खुला, आणि तो मराठी बोलतो.

हा आवाज मराठी कशी बोलतो, ते समजून घेण्यासारखं आहे. कोणत्या अक्षराचा कुठे कोणता ध्वनी, याचे नियम एका साध्या मजकुराच्या फाईलमध्ये लिहिलेले असतात. नियमात न बसणारे शब्द दुसऱ्या यादीत. आपण ‘परळी’ लिहितो आणि ‘पर्ळी’ म्हणतो, ‘गेवराई’ लिहितो आणि ‘गेव्राई’ म्हणतो. मधला अ कुठे गळतो, कुठे टिकतो, हे आपला कान जाणतो. आकड्यांचंही तसंच. एकोणसाठ, त्रेसष्ट, त्र्याण्णव: शंभरापर्यंतच्या प्रत्येक आकड्याचं नाव वेगळं पाठ करावं लागतं, यंत्रालासुद्धा. ही यादी तपासायला प्रोग्रामर नको, पाढे शिकवलेले गुरुजी हवेत.

चूक कळवायची रीत सोपी आहे. ‘गिटहब’ या संकेतस्थळावर मोफत खातं काढायचं आणि चार गोष्टी लिहायच्या: शब्द कोणता, यंत्र काय म्हणालं, काय म्हणायला हवं होतं, आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती कोणती. मोडकंतोडकं इंग्रजी चालतं. एका नोंदीत एकच चूक ठेवावी, म्हणजे दुरुस्त करणाऱ्याला माग काढता येतो.

मला सगळ्यांत आवडतं ते अक्षरांच्या ओळखीचं काम. ऐकताना ‘ब’ की ‘भ’, ‘ट’ की ‘ठ’, असा घोटाळा होतो. त्यासाठी एनव्हीडीएमध्ये प्रत्येक भाषेची वेगळी फाईल ठेवता येते. त्यात अक्षरापुढे ओळखीचा शब्द लिहिलेला असतो, ‘कमळातला क’ अशा धर्तीवर. बालवाडीच्या बाईंना हे तोंडपाठ असतं. ण आणि ळ यांनी शब्द सुरूच होत नाहीत, म्हणून तिथे ‘बाणातला ण’, ‘बाळातला ळ’. असा शब्द निवडणं हे भाषेचं काम आहे, आणि ते जपून करायला हवं. कानाला दुसऱ्या शब्दासारखा वाटणारा शब्द इथे उपयोगाचा नाही.

काही कामं तर सॉफ्टवेअरच्या जवळही न जाता होतात. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मराठी अर्ज स्क्रीन रीडरला निरर्थक अक्षरांची रांग म्हणून दिसतो. कागदाचा नुसता फोटो टाकला, तर त्यातला मजकूर थेट वाचता येत नाही. अंबाजोगाईच्या किंवा केजच्या टायपिंगवाल्याने जुन्या फॉन्टऐवजी युनिकोड धरलं आणि ग्रामपंचायतीने नोटीस मजकूर म्हणून पाठवली, तर तेवढ्यानेच ती ऐकता येते. तसंच चाकाच्या खुर्चीने फिरणाऱ्यांसाठी, पायऱ्यांशिवाय कुठे जाता येतं, याची नोंद ‘ओपनस्ट्रीटमॅप’ या खुल्या नकाशावर करता येते. बर्लिनहून 2010 मध्ये सुरू झालेला ‘व्हीलमॅप’ याच नोंदींवर चालतो.

एक पथ्य मात्र कडक पाळावं. डोळसाला ईस्पीकचा आवाज रुक्ष वाटतो आणि तो गोड करावा, असं मनात येतं. रोज ऐकणारे मात्र तो आपल्याला शब्दही कळणार नाही अशा वेगाने ऐकतात आणि त्या वेगात तो स्पष्ट राहतो, म्हणून त्यांना तोच हवा असतो. तेव्हा दुरुस्ती पाठवण्याआधी ती रोज ऐकणाऱ्या माणसाला ऐकवावी. त्याला पटलं नाही, तर पाठवू नये.

सुरुवात करायला एक संध्याकाळ पुरते. एनव्हीडीए उतरवून घ्या, मराठी आवाज निवडा आणि बीड जिल्ह्याच्या अकरा तालुक्यांची नावं टाइप करा: बीड, गेवराई, माजलगाव, वडवणी, धारूर, केज, अंबाजोगाई, परळी, पाटोदा, आष्टी, शिरूर कासार. शेजारी वही ठेवा. माजलगावचा ज कसा येतो, ते आधी ऐका.